रविवार मिळवून देणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे



स्मरणिकेसाठी लेख द्या असं मंडळानं सांगितलं तेव्हा माझ्या मनात बाबासाहेबांवरच लिहायचं होतं. पण स्मरणिकेच्या मीटिंगला एक विषय निघाला आणि माझा बेत बदलला. विषय साधा होता. आपली रविवार सकाळची वंदना दुसऱ्या कुठल्या वेळेला घ्यावी का? कारण असं की चाकणला, भोसरीला कामाला जाणाऱ्या तरुण पोरांना रविवार सुट्टी नसते. कुणाला मंगळवारी, कुणाला गुरुवारी, कुणाला काम जोरात असलं की नाहीच. वंदनेला आम्ही म्हातारे, महिला मंडळ आणि लहान मुलं. जुन्या मंडळींचं म्हणणं, विहाराची पहिली वीट बसली तेव्हापासून रविवार आहे, तो रविवारच राहिला पाहिजे. शब्दाला शब्द वाढला. तेव्हा मागं बसलेल्या एका पोरानं विचारलं, काका, पण रविवारच का? हा दिवस ठरवला कुणी, इंग्रजानं ना?

बैठकीत कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मला थोडं ठाऊक होतं, पण तिथं बोललो नाही. गिरणीतल्या माणसानं हे उत्तर लिहून द्यावं असं वाटलं, म्हणून हा लेख. रविवार आपल्याला इंग्रजानं दिला नाही आणि मालकानंही दिला नाही. त्याच्यामागं एक माणूस होता आणि त्याचं मूळ गाव आपल्या चाकणच्या पलीकडंच आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, गाव कन्हेरसर. चाकणही त्याच तालुक्यात. अलीकडच्या काळात याच कन्हेरसर, निमगाव, दावडीच्या परिसरात सेझसाठी जमिनी गेल्या आणि तिथंही कारखानदारी आली. म्हणजे लोखंड्यांचे वाडवडील ज्या मातीतून पोट भरायला बाहेर पडले, त्याच मातीत आज बाहेरून माणसं पोट भरायला येतात. असो.

जात फुलमाळी, घरची गरिबी. तरी पोरगं मॅट्रिकपर्यंत शिकलं. त्या काळात शूद्र समाजातल्या मुलानं एवढं शिकणं ही लहान गोष्ट नव्हे. पुढं रेल्वेत नोकरी, मग टपाल खात्यात, आणि १८७० च्या सुमारास मुंबईला मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे हा माणूस साच्यावर उभा राहिलेला कामगार नव्हता, कारकुनी पेशातला होता. पण स्टोअरकीपरचं काम असं असतं की गिरणीची सगळी खाती त्याच्या खिडकीवर येतात. कोण किती वाजता आला, कुणाचं बोट गेलं, कुणाचा पगार दोन महिने अडकला, हे त्याला न विचारता कळतं. बाकीच्या बाबूंनाही हे सगळं दिसत होतंच. त्यांनी वही मिटून घर गाठलं. लोखंड्यांनी वही उघडी ठेवली.

त्या वेळची गिरणी कशी होती हे आजच्या पोरांना सांगितलं पाहिजे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ ला कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ ला गिरणी चालू झाली, आणि वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, गिरगावच्या बाजूनं चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. विजेचे दिवे अजून आले नव्हते. म्हणून कामाचं घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. थंडीत दिवस लहान म्हणून सुटका जरा लवकर. उन्हाळ्यात तेरा-तेरा, चौदा-चौदा तास. कामगारांकडं घड्याळं नव्हती. उशीर झाला तर दंड, म्हणून माणसं अंधारातच येऊन गेटसमोर बसायची, तिथंच डुलक्या घ्यायची. दुपारी जेवायची सुट्टी ठरलेली नव्हती. मशीन चालूच, त्याच्या कडेला उभं राहून, कापसाची कुसं उडत असताना भाकरी खायची. बाया आणि सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा. १८८१ ला पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता: सात वर्षांखालच्या मुलाला कामाला घ्यायचं नाही, बारा वर्षांपर्यंतच्याला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांबद्दल त्यात अक्षर नाही. बाईबद्दलही नाही.

आणि सुट्टी? सणासुदीला गिरणी बंद असायची, ते दिवस मालक मोजून दाखवायचे. पण आठवड्याला एक दिवस माझा, असं कामगाराला म्हणता येत नव्हतं. रविवारी इंजिन बंद असलं तरी मशीन साफ करायला बोलवायचे, त्यात दुपार व्हायची. माझ्या वडिलांनी मुंबईत त्रासन खात्यात आयुष्य काढलं. रविवारी सकाळी ते दाढी करायला बसले की आरसा खिडकीत टांगायचे, रेडिओ लावायचे आणि तासभर कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. लहानपणी मला वाटायचं हा त्यांचा स्वभाव. पुढं मी स्वतः बदली म्हणून गिरणीत लागलो तेव्हा कळलं, तो तास आठवड्यातला एकटाच त्यांचा स्वतःचा होता.

लोखंड्यांच्या डोक्यात हे सगळं आलं कुठून? नुसतं दुःख बघून माणूस चळवळीत येत नाही. दुःख तर सगळेच बघतात. त्याला एक विचार लागतो. तो विचार त्यांना पुण्याहून मिळाला. जोतिराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि पुढल्याच वर्षी लोखंडे त्यात आले. माणूस जन्मानं लहान-मोठा नसतो, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, आणि कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाचं मोल मिळालं पाहिजे, एवढं त्यांनी जोतिरावांकडून घेतलं आणि गिरणीच्या गेटवर नेलं. जोतिरावांच्या विचारात शेतकरी मध्यभागी होता. लोखंड्यांनी दाखवलं की शेत सोडून मुंबईला आलेला तोच शेतकरी आता गिरणी कामगार झालाय, आणि त्याची मान अडकवणारा फास बदललाय.

सत्यशोधकांचं एक वर्तमानपत्र होतं, दीनबंधू. पुण्यात भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ च्या १ जानेवारीला काढलं. चालवता चालवता ते कर्जात बुडाले. १८८० ला लोखंड्यांनी ते मुंबईला आणलं आणि त्यासाठी गिरणीची नोकरी सोडली. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला नोकरी सोडणं म्हणजे काय ते कळतं. लोखंडे तेव्हा बत्तीस वर्षांचे, संसारी माणूस. मुंबईतल्या तेलुगू भाषिक सत्यशोधक मंडळींनी चळवळीला पैशाची मदत केली हेही सांगितलं पाहिजे. कामगारांची चळवळ पहिल्यापासूनच एका जातीची आणि एका भाषेची नव्हती. दीनबंधूत गिरणीतल्या बातम्या छापून यायला लागल्या. आज आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळात वर्तमानपत्र म्हणजे शिकलेल्या वरच्या लोकांचा कारभार. गिरणी कामगाराचा अडकलेला पगार ही बातमी असते, हेच मुळी नवीन होतं.

आता एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. गुरू-शिष्यात खटका उडाला होता. जोतिरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला तेव्हा दीनबंधूत त्याचे पहिले दोन भाग छापून आले आणि पुढचे लोखंड्यांनी छापले नाहीत. लिखाण जहाल होतं. ब्राह्मणशाहीवर होतंच, सरकारच्या कारभारावरही होतं. लोखंड्यांना बहुधा पत्राची काळजी वाटली असेल, सरकारदरबारी कामगारांचं गाऱ्हाणं न्यायचं होतं, तो दरवाजा बंद व्हायला नको असंही वाटलं असेल. जोतिरावांना हे फार लागलं आणि त्यांनी ते पुस्तकात कडक शब्दांत लिहूनही ठेवलं. मला विचाराल तर इथं लोखंडे कमी पडले. पण दोघांनी एकमेकांचं तोंड बघणं टाकलं नाही. ११ मे १८८८ ला मांडवीच्या कोळीवाड्यात मुंबईकरांनी जोतिरावांचा सत्कार करून त्यांना महात्मा म्हटलं, तेव्हा मुंबईच्या ज्या सत्यशोधक मंडळींनी हे घडवून आणलं त्यांत लोखंडे पुढं होते. आपल्या चळवळीत दोन नेत्यांचं एका मुद्द्यावर पटलं नाही की दुसऱ्या दिवशी दोन गट आणि दोन बोर्ड. म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

१८८४ साली मुंबई सरकारनं फॅक्टरी कमिशन नेमलं. मालक आपलं म्हणणं मांडणार, साहेब मांडणार. कामगाराला कोण विचारणार? लोखंड्यांनी २३ सप्टेंबर १८८४ ला परळला गिरणी कामगारांची सभा घेतली, पुन्हा तीन दिवसांनी दुसरी घेतली. देशात कामगारांची अशी सभा त्याआधी झाली नव्हती. तिथं मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढं गेला. सह्या म्हणजे बहुतेकांचे अंगठेच असणार. विचार करा, गेटवर जॉबर उभा आहे, नोकरी त्याच्या हातात आहे, आणि त्या परिस्थितीत साडेपाच हजार माणसांनी कागदावर आपली खूण केली.

त्यात काय मागितलं होतं? आठवड्यातून एक दिवस, रविवार, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्य मावळला की बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची सोय. आज कंत्राटी पोराच्या हातात मोबाईल आहे, पगार बँकेत येतो, पण मागण्यांची ही यादी त्याच्यापुढं ठेवली तर त्यातल्या निम्म्या त्याला आपल्याच वाटतील.

इथं मालकांची एक चाल सांगतो, कारण तशीच चाल आजही ऐकू येते. मँचेस्टर, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा सलत होती. इथं माणसं जास्त तास राबतात म्हणून इथलं सूत स्वस्त पडतं, तर इथंही कायदे करा, असं ते विलायतेत बोलत होते. त्यांना आपल्या कामगाराची दया आली होती असं नव्हे. मुंबईच्या मालकांनी ते धरलं आणि बोलायला सुरुवात केली की कामाचे तास कमी करणं म्हणजे मँचेस्टरचा डाव, देशी उद्योग बुडवायचं कारस्थान. बरीच मोठी देशभक्त मंडळी आणि वर्तमानपत्रंही तेच म्हणाली. म्हणजे कामगारानं विश्रांती मागितली की तो देशाचा वैरी. लोखंड्यांनी या दोन्ही बाजूंमध्ये उभं राहून तिसरी गोष्ट धरली. मँचेस्टरच्या मनात काय आहे ते मँचेस्टर जाणो. इथं मशीनजवळ उभं राहून भाकरी खाणारी बाई आहे, तिचं काय, हा त्यांचा सवाल होता. पारशी समाजातले सोराबजी शापुरजी बंगाली यांनीही आधीपासून कायद्यासाठी खटपट केली होती, त्यांचं नाव इथं घेतलं पाहिजे.

रविवारच का, तर त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर असं. सरकारी कचेऱ्या आणि गोरे साहेब यांना रविवार आधीपासून होता. ज्याला अर्धा दिवस मशीन पुसायला बोलवतात तोच दिवस पूर्ण मागणं सोपं होतं. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार, तो बहुजनांचा दैवताचा दिवस, असंही त्यांनी मांडलं असं सांगतात. आपण आज खंडोबाला मानत नाही, पण १८८४ चा कामगार मानत होता, आणि माणसाशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं.

कमिशननं अर्ज घेतला. कायदा मात्र झाला नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. चळवळीत सगळ्यात अवघड काळ हाच असतो. सभेच्या दिवशी हार-तुरे असतात, नंतरच्या पाच वर्षांत कुणी विचारत नाही. लोखंडे दीनबंधू काढत राहिले, पुन्हा अर्ज करत राहिले. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावानं ते काम करायचे. अभ्यासक आज म्हणतात की ही खरी युनियन नव्हती, तिला वर्गणी नव्हती, सभासदांचं रजिस्टर नव्हतं, घटना नव्हती. खरं आहे. आजची फुटपट्टी लावली तर नव्हती. पण माझ्या आयुष्यात मी रजिस्टर, पावती पुस्तक, शिक्का सगळं असलेली युनियन पाहिलीय जिनं आमचा कागद सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गिरणीला कुलूप लागल्यावर बाहेर काढला.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सभा भरली. दहा हजार कामगार. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. त्यांची नावं इतिहासानं ठेवली नाहीत. मी महिला मंडळाच्या भगिनींना विनंती करतो की या ओळीवर जरा थांबा. १८९० साल आहे, मुंबईच्या उच्चभ्रू घरातल्या बायका माजघरातून बाहेर येत नाहीत, आणि दहा हजार पुरुषांपुढं गिरणीतल्या दोन बाया उभ्या राहून आपलं गाऱ्हाणं सांगतात. दोन महिन्यांच्या आत, १० जून १८९० ला, मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

पहिल्या अर्जापासून मोजलं तर जवळजवळ सहा वर्षं लागली.

त्याच वर्षी सरकारनं नवं फॅक्टरी कमिशन नेमलं. मुंबईच्या कामात लोखंड्यांना कामगारांच्या बाजूनं सोबत घेतलं. १८९१ ला नवा कायदा झाला. त्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारी अर्धा तास आला, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली आणि चौदापर्यंतच्यांना सात तास ठरले. पुरुषांचे तास तसेच राहिले. आणि १८९१ म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माचं साल, हे तुम्हाला सांगायला नको.

१८९० च्याच एप्रिलमध्ये लोखंड्यांनी आणखी एक काम केलं होतं. विधवा बायकांचं डोकं भादरायची रीत तेव्हा चालू होती. ते डोकं ज्याच्या वस्तऱ्यानं व्हायचं त्या न्हावी समाजाचीच त्यांनी मुंबईत सभा भरवली आणि हे काम आम्ही करणार नाही असं त्यांच्याकडून ठरवून घेतलं. हा माणूस कामगार पुढारी होता पण त्याचं डोकं पगारापुरतं नव्हतं. ज्याच्या हातानं अन्याय होतो तो हातही कष्टकऱ्याचाच आहे, तेव्हा त्यानंच हात मागं घ्यावा, हा विचार मला फार मोठा वाटतो. संप म्हणजे शेवटी तेच.

१८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा पेटला. गिरणीगावातही आग लागली. लोखंडे मोहल्ल्यांतून फिरले, राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांची एकोप्याची मोठी सभा घेतली. १८९५ ला सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. ही पदवी काही जणांना खटकते. मला नाही खटकत. पदवी घेऊन ते बंगल्यात जाऊन बसले नाहीत, हे पुढच्या दोन वर्षांत दिसलं.

आता आपल्या दृष्टीनं एक कडू गोष्ट. १८८४ च्या त्या मागण्यांत एक मागणी नाही. अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणाईत, घेत नव्हते. कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि आपल्या माणसाच्या थुंकीचा विटाळ इतरांना चालत नव्हता. विणाईत पगार जास्त. म्हणून आपले लोक त्रासनात, कमी पगारावर. माझे वडील त्रासनात का होते, हे मला मोठं झाल्यावर कळलं. त्यांच्या काळात बंदी ढिली पडली होती पण आजा जिथं होता तिथंच बाप लागला. रविवार सगळ्यांना मिळाला, साचा मिळाला नाही. हा प्रश्न उघड मांडायला १९२८ चा संप आणि बाबासाहेब यावे लागले. म्हणून लोखंड्यांना कमी लेखायचं का? मी नाही लेखत. पण सत्यशोधकाच्या चरित्रात सत्य लिहिलं पाहिजे.

आणि याच ठिकाणी मला एक गोष्ट सापडली, ती सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहिला. मी जुन्या वर्षांची कॅलेंडरं घेऊन बसलो आणि तारखांचे वार काढले. दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा बोलावली, जिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. वार रविवार. २० मार्च १९२७, महाड, चवदार तळ्याचं पाणी. रविवार. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृती जाळली. रविवार. २ मार्च १९३०, नाशिक, काळाराम मंदिर. रविवार. १३ ऑक्टोबर १९३५, येवला. रविवार. आणि १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, दीक्षा. रविवार.

मी दोन-दोनदा तपासलं. मुलाकडून मोबाईलवरही बघून घेतलं. नागपूरचा दिवस विजयादशमीचा म्हणून निवडला होता आणि २५ डिसेंबरला नाताळची सुट्टी असतेच, हे मला माहीत आहे. प्रत्येक वेळी कुणी सुट्टी बघूनच तारीख धरली असा माझा दावा नाही. पण दामोदर हॉल परळला, गिरण्यांच्या मधोमध. तिथं येणारा माणूस कोण होता? गिरणीतला, गोदीतला, म्युनिसिपालिटीतला. त्याला खाडा न पाडता सभेला येता आलं ते कशामुळं? रात्रशाळा, वाचनालयं, कामगारांची नाटकं, शाहिरांचे फड, चाळीतल्या जयंतीच्या वर्गण्या, या सगळ्या गोष्टी रविवारच्या अंगणात वाढल्या. माणसाला पोटाला भाकरी मिळाली म्हणजे तो जगतो, पण विचार करायला त्याला रिकामा वेळ लागतो. लोखंड्यांनी महालक्ष्मीच्या मैदानावर मागितला तो हाच वेळ. पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठ तासांच्या दिवसाचा विषय त्यांनी पुढं नेला, १९४६ च्या दुरुस्तीनं आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याच्या सुट्टीचं कलम आलं. त्या कलमातच एक फट होती. रविवारी काम घ्यायचं असेल तर मागच्या-पुढच्या तीन दिवसांत दुसरी सुट्टी द्यावी. म्हणजे सुट्टी राहिली, पण सगळ्यांची एकत्र सुट्टी राहिलीच पाहिजे असं नाही. आमच्या पोरांना मंगळवार मिळतो, तो बेकायदा नाही. फक्त मंगळवारी त्याचा मित्र कामावर असतो, बायको कामावर असते, पोरं शाळेत असतात आणि विहाराला कुलूप असतं.

लोखंड्यांचा शेवट सांगायचा राहिला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. ज्याला त्याला गावाकडं पळायची घाई. गिरण्या ओस पडल्या. सरकारी दवाखान्यात माणूस नेला की परत येत नाही अशी भीती, लोक रोगी लपवून ठेवायचे. लोखंडे पळाले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी मराठा हॉस्पिटल उभं केलं आणि स्वतः वस्त्यांमधून फिरू लागले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय एकोणपन्नासच्या आतबाहेर. साधारण महिन्यानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाही तोच रोग झाला. जोतिराव १८९० च्या नोव्हेंबरलाच गेले होते, रविवार मिळाला त्याच वर्षी.

त्यानंतर लोखंड्यांना लोक जवळजवळ विसरले. मनोहर कदम यांनी त्यांचं चरित्र लिहून पुन्हा उजेडात आणलं, २००५ ला टपाल खात्यानं तिकीट काढलं, परळच्या सरकारी श्रम संस्थेला आज त्यांचं नाव आहे. ज्या टपाल खात्यात पोरवयात नोकरी केली त्याच खात्याच्या तिकिटावर ते आले. माझ्याकडं ते तिकीट आहे, विहाराच्या वाचनालयात लावायला देणार आहे.

वंदनेच्या वेळेचा निर्णय हा लेख देईपर्यंत झालेला नाही. रविवार सकाळी एक आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळी एक, अशा दोन ठेवाव्यात असं माझं म्हणणं मी लेखी दिलंय. प्रश्न विचारणारा तो पोरगा मागच्या रविवारी आला होता. रात्रपाळी करून थेट, कंपनीच्या कपड्यांतच. त्रिशरण-पंचशील होईपर्यंत ताठ बसला, नंतर भिंतीला टेकून झोपला. आम्ही खीरदान झाल्यावरच त्याला उठवलं.